बीए मराठीनंतर जर्नलिझम करावं का? घरी विरोध आहे, फीचं गणितही जमत नाहीये

पूर्वभाग:
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांगा. मी सोलापूरची, टीवाय बीए मराठी, निकाल लागायचाय. बाबा यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळते, घरी आम्ही तेलुगू बोलतो पण माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. मला जर्नलिझम करायचंय, हे आत्ताचं खूळ नाही, अकरावीपासून डोक्यात आहे. कॉलेजच्या भित्तीपत्रकात मी विडी कामगार बायकांवर लिहिलं होतं, छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या किती काढतात, विडी वळायची पानं कमी पडली की बाई पदरचे पैसे घालून बाहेरून पानं कशी घेते असं सगळं, ते सरांनी एका दैनिकाच्या पुरवणीला पाठवलं आणि छापून आलं. आईला मराठी वाचता येत नाही, मी तिला तेलुगूत सांगितलं काय लिहिलंय ते, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आता प्रश्न असा की पुण्यातल्या एका खाजगी संस्थेत चौकशी केली तर दोन वर्षांचे मिळून साडेसात लाख सांगितले, हॉस्टेल वेगळं, आणि वर १०० टक्के प्लेसमेंट म्हणाले. बाबा म्हणतात कर्ज काढू पण नोकरी लागेल का ते आधी लिहून आण. ते कोण लिहून देणार? मामा म्हणतो बीएड कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. यातलं कोणी या क्षेत्रात आहे का, खरं काय ते सांगा, वाईट असलं तरी चालेल.

पान_एक:
साडेसात लाख भरू नकोस. हे पहिलं वाक्य वाचून धागा बंद केलास तरी चालेल.

आता सविस्तर. मी २२ वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावतात तिथे, काढली, १९९८ ला प्रूफवर लागलो, मग उपसंपादक, मग रात्रीची शहर आवृत्ती माझ्याकडे होती, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा बाहेर पडलो. नवीन मुलं घेताना मी स्वतः टेस्ट घ्यायचो. टेस्ट काय असायची तर वृत्तसंस्थेची (एजन्सीची) एक इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमी, मराठीत आणायची, एका कागदावर विस्कटलेली माहिती द्यायचो तिची बातमी करायची, तीन मथळे द्यायचे आणि एखादा अपघात किंवा आग झालीय असं समजून कुणाला फोन करशील त्याची यादी लिहायची. कोणत्या कॉलेजमधून आलास हे मी नंतर विचारायचो, बऱ्याचदा विचारायचं राहूनच जायचं. डिग्रीने तू टेस्टच्या टेबलापर्यंत पोचतेस, तिथून पुढे तुझं मराठी आणि तुझं डोकं. ज्या मुलाने कर्ज काढून कोर्स केला तो आणि विद्यापीठात काही हजारांत शिकलेली मुलगी शेजारी शेजारी बसायचे आणि दोघांना पगार एकच मिळायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कर्ज असलेला पोरगा वर्षभरात निघून जायचा कारण त्या पगारात हप्ता बसत नाही, बिचाऱ्याला काम आवडत असूनही.

१०० टक्के प्लेसमेंट म्हणाले ना, परत जा आणि विचार की मागच्या बॅचचे कोण कुठे लागले, किती पगारावर, आणि आज त्यातले किती जण तिथेच आहेत. इंटर्नशिपला प्लेसमेंट म्हणायची पद्धत आहे. बिनपगारी तीन महिने म्हणजे नोकरी नव्हे.

दुष्काळी:
मी माण तालुक्यात वार्ताहर आहे १४ वर्षं. पान एक यांनी शहराचं सांगितलं, मी खालचं सांगतो. तालुक्याला पगार नसतो, मानधन असतं, ते पण पेट्रोलला पुरत नाही, त्यामुळे माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दुकानावर घर चालतं. दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, १५ ऑगस्ट आला की पुरवणीच्या जाहिरातीचं टार्गेट येतं. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लावायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, मी एवढंच ठरवलंय की ज्याच्या कामाची तक्रार माझ्याकडे आलीय त्याच्याकडे जाहिरात मागायला जायचंच नाही. टार्गेट राहिलं तर राहिलं.

पण तरी सांगतो, टँकरच्या खेपा कागदावर जास्त आणि गावात कमी अशी बातमी केली होती मी, टँकरच्या जीपीएसचा रिपोर्ट आणि गावातल्या बायकांच्या वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून. दुसऱ्या दिवशी तहसीलदार वाडीवर आले. त्या बायका अजून रस्त्यात थांबवून चहाला बोलावतात. मला हे दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नसतं.

मुलीने या धंद्यात यायचं तर मात्र तालुका वार्ताहर म्हणून सुरुवात करू नये असं माझं मत, कारण शिकवायला कोणी नसतं. मी कोर्स केला नाही, त्याची किंमत मी चुका करून भरलीय.

आजोळ:
माझ्या मुलाने बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, केलं, आता त्याला बीएएमएमसी म्हणतात तेच, मुंबई विद्यापीठाचं. तिसऱ्या वर्षी जर्नलिझम आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग असे दोन रस्ते असतात, वर्गातले निम्म्याहून जास्त अ‍ॅडव्हर्टायझिंगला गेले, हा जर्नलिझमला. दोन वर्षं चॅनलमध्ये राबला, रात्री दोनला घरी यायचा, जेवण नाही झोप नाही, २३ व्या वर्षी अ‍ॅसिडिटी आणि पाठदुखी. सोडलं. आता एका कंपनीच्या कम्युनिकेशन डिपार्टमेंटला आहे, सुखात आहे. ताई, तुझ्या बाबांची काळजी मला कळते. आईबाप म्हणून आपण फक्त विरोध करतो असं पोरांना वाटतं, पण आम्ही रात्री दार उघडायला जागे असतो.

बूममाईक:
आजोळ काकू, तुम्ही लिहिलंत ते वाचून माझी आई आठवली.

पूर्वभाग, मी टीव्हीत आहे, सात वर्षं, रिपोर्टर. माझा पहिला पगार हातात १६ हजार, मुंबईत, तीन मुली एका खोलीत. पहिले आठ महिने मी असाइनमेंट डेस्कवर (कोणाला कुठे पाठवायचं ते ठरतं तिथे) फोन उचलत होते आणि स्ट्रिंगरने, म्हणजे गावोगावच्या कामापुरत्या वार्ताहराने, पाठवलेलं व्हिडिओ फीड उतरवून घेत होते, बूम म्हणजे चॅनलचा माईक हातात आलाच नाही. मग ऑगस्ट २०१९ चा सांगली कोल्हापूरचा महापूर आला, माणसं कमी पडली म्हणून मला पाठवलं आणि मी त्या चार दिवसांत जे शिकले ते दोन वर्षांच्या वर्गात शिकले नव्हते. एका म्हाताऱ्या बाबांचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेताना ते म्हणाले आधी पाणी दे मग बोलतो. तेव्हापासून गाडीत पाण्याचा बॉक्स असतोच. इर्शाळवाडीला २०२३ च्या जुलैत पावसात चिखलातून चालत वर गेलो, खाली गाडी सोडून, वर पोचल्यावर लाईव्ह द्यायला नेटवर्क नाही आणि समोर लोक आपली माणसं शोधतायत. काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही हे कोणी पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) करायला शिकवताना सांगत नाही.

टीव्हीचं वाईट सांगायचं तर संध्याकाळच्या डिबेटसाठी वेळ आणि पैसा आहे, जिल्ह्यात जाऊन पॅकेज, म्हणजे पूर्ण व्हिडिओ बातमी, करायला नाही. आम्ही दिवसभर नेत्यांच्या बंगल्याबाहेर उभे असतो, बाईट आला की पळत टाकायचा. कॉन्ट्रॅक्ट एकेक वर्षाचं. आणि बाई म्हणून अजून एक, रात्री उशिरा शिफ्ट सुटली तर ऑफिसच्या गाडीने घरपोच ड्रॉप मिळतो का हे जॉईन होण्याआधी विचारायचं, लाजायचं नाही.

चांगलं सांगायचं तर इतकी माणसं मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत भेटली नसती.

पूर्वभाग:
सगळ्यांचे खूप आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दुष्काळी दादा, तुम्ही म्हणालात कोर्स न केल्याची किंमत चुका करून भरली, ते जरा सांगाल का? कारण मामाचा मुद्दा हाच आहे की लिहिता येतंय तर कोर्स कशाला, इथेच एखाद्या पेपरात चिकट.

दुष्काळी:
सांगतो. एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी होती, मी नाव दिलं नाही पण गावाचं नाव, बापाचा धंदा आणि शाळा लिहिली. डेस्कवरून रात्री फोन आला, फोनवर मला झापलं, आणि बरोबर झापलं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे मुलीची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, नाव नसलं तरी. मला हे माहीतच नव्हतं. गावात एक वस्ती, त्या धंद्याचा एकच माणूस, म्हणजे मी नाव दिल्यासारखंच होतं. ती बातमी थांबली म्हणून वाचलो. आज आमच्या तालुक्यात मोबाईलवर चालणारी कितीतरी न्यूज पोर्टलं आहेत, गाडीवर प्रेस लिहिलेलं असतं, आणि दर महिन्याला कोणीतरी हीच चूक करतं, आणि ती पुसायला डेस्कच नाहीये. ती पोस्ट सगळ्या गावाच्या मोबाईलवर जाते, त्या पोरीचं काय होत असेल.

तासिका:
दुष्काळी यांनी अगदी नेमकं उदाहरण दिलं. मी एका कॉलेजात मीडिया लॉ आणि रिपोर्टिंग शिकवते, घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दोन्ही पास आहे. दोन वर्षांच्या कोर्समध्ये खरोखर उपयोगाचं काय असतं तर कायदा आणि नीतिमत्ता, संपादन, मुलाखत कशी घ्यायची, कोर्टाची आणि बजेटची बातमी कशी वाचायची, आणि तुझी बातमी लाल पेनाने भरून परत देणारं कोणीतरी. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, बदनामीचं कलम आता ३५६ आहे, बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं ७२, हे जुन्या पुस्तकांत सापडणार नाही म्हणून प्रवेश घेताना बघ की शिकवणारे आजचं शिकवतात की वीस वर्षांपूर्वीच्या नोट्स.

आता कुठे शिकायचं ते. तुझ्या दाराशीच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मास कम्युनिकेशनचं एमए आहे, घरून जाऊन येऊन होईल. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचा रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग, १९६४ चा, मराठी वृत्तपत्रांतली किती माणसं तिथली आहेत मोजता येणार नाहीत, आणि तिथे मराठी माध्यमाची, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं वर्गात असतात ही मोठी गोष्ट आहे. प्रवेश परीक्षा असते. मुंबईला कलिन्याला विद्यापीठाचा विभाग आहे आणि गरवारे इन्स्टिट्यूटला मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विभाग आहे. नोकरी करत करत करायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम. यातल्या कशाचीच फी तू सांगतेस त्याच्या जवळपासही जात नाही. पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो, तेवढं कागद वेळेत काढून ठेव, जात प्रमाणपत्र उत्पन्नाचा दाखला यासाठी ऐन प्रवेशात पळापळ होते.

शिकवण्यात करिअर करावं का असं विचारशील तर, नेटमध्ये आपला विषय ६३ नंबरचा आहे, परीक्षा काढता येते, पण कायम जागा निघायची वाट बघत तासिकांवर वर्षं जातात. मी सात वर्षं वाट बघतेय. मला वर्ग आवडतो म्हणून आहे.

विदर्भवासी:
अमरावतीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयआयएमसी म्हणजे भारतीय जनसंचार संस्था, दिल्लीत १९६५ ला सुरू झाली, तिचं अमरावतीला २०११ पासून केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे. एका वर्षात होतो, दोन वर्षं घरावर भार नाही. २०२४ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतर प्रवेशाच्या पद्धतीत बदल होत असतात, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर न जाता यंदाचं माहितीपत्रकच वाच. वर्ग छोटा, दिवसभर कामाला लावतात, लॅब जर्नल, म्हणजे विद्यार्थ्यांनी करायचा सरावाचा अंक, काढावं लागतं.

मी स्वतः तिथला नाही, नागपूरचा, आणि मी पत्रकारितेतून पाच वर्षांनी बाहेर पडून मेळघाटात काम करणाऱ्या एका संस्थेत आलो. संस्थेचे अहवाल, आदिवासी बायकांसाठी त्यांच्या कोरकू भाषेतून ऑडिओ क्लिप, कुपोषणावरचे छोटे व्हिडिओ, पत्रकार आले की त्यांना गावात नेणं, असं काम. पत्रकारितेत शिकलेलं सगळं वापरतो आणि महिन्याच्या एका ठराविक तारखेला पगार होतो. लोक याला पीआर, म्हणजे संस्थेची जाहिरातबाजी, म्हणून नाक मुरडतात, मला नाही पटत. फक्त एक, इथे बसून मी संस्थेविरुद्ध लिहू शकत नाही, हे मान्य करून आलोय.

मांडवी:
गोव्यातून थोडंसं. आमच्याकडे मराठी दैनिकं लोकसंख्येच्या मानाने भरपूर आहेत, गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत, पुढारी. राज्य लहान असल्यामुळे सहा महिन्यांत मंत्री तुम्हाला नावाने ओळखायला लागतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण उद्या त्याच्याविरुद्ध लिहायचं असतं आणि परवा त्याच्या भाच्याच्या लग्नात तो समोर भेटतो. भाषा जितक्या जास्त तितकी किंमत, मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही येणारा माणूस इथे बेकार राहात नाही. तू तेलुगू म्हणालीस, कन्नडही कानावर असेल सोलापुरात. ते बायोडेटात पहिल्या पानावर लिही.

निळी_शाई:
मी डिजिटलला आहे. कोणीतरी हे स्पष्ट लिहायलाच हवं की २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर डेस्कवरचं एक अख्खं काम बदललं. मी लागले तेव्हा रोज १२-१५ बातम्या करायचे, त्यातल्या बहुतेक एजन्सीच्या कॉपीचं भाषांतर. आता ते मशीन करतं आणि आम्ही तपासतो, आमच्या टीममध्ये निव्वळ भाषांतरासाठी नवीन कोणाला घेतलेलं नाही. म्हणजे ज्या पायरीवरून आम्ही सगळे चढलो ती पायरीच निघून चाललीय. म्हणून मुलींनो मुलांनो, इंग्रजीतून मराठी करता येतं एवढ्या भांडवलावर येऊ नका. मशीनला विडीची छाट म्हणजे काय माहीत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाहीये. पूर्वभागला माहीत आहे.

मराठीत बरी जागा कुठे आहे तर, बीबीसी मराठी २०१७ ला सुरू झालं आणि मराठीत लांब, नीट तपासलेलं रिपोर्टिंग वेबवर वाचलं जातं हे दिसलं. फॅक्ट चेकचं, म्हणजे फिरणाऱ्या दाव्यांची खरंखोटं तपासणी करण्याचं, काम आहे, निवडणुकीत आणि दंगलीत त्याची किती गरज असते ते आपण बघतोच. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या वेबसाइटवर ग्रामीण आणि कष्टकरी माणसांच्या कामावर लिहितात, मराठीतही छापतात, विद्यार्थ्यांकडून काम घेतात. तुझा विषय तिथलाच आहे, जाऊन वाच. पण हेही खरं की या सगळ्या मिळून जागा थोड्या आहेत आणि उमेदवार खूप.

बाकी सरकारी बाजू: आकाशवाणीला नैमित्तिक निवेदक घेतात, कायम नोकरी नसली तरी शिकताना चार पैसे आणि आवाजाला वळण. एमपीएससीतून माहिती खात्यात जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं निघतात, त्याला पत्रकारितेची पात्रता आणि अनुभव लागतो, आणि यूपीएससीतून भारतीय माहिती सेवा. मामांना हे सांग, त्यांना बरं वाटेल.

पान_एक:
मी परत आलो, इंग्रजीबद्दल राहिलं होतं. मराठी पत्रकाराला इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, बोलता नाही आलं फाडफाड तरी चालेल. कोर्टाचा निकाल, कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा) अहवाल, कंपनीचा ताळेबंद सगळं इंग्रजीत. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं ते मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापूनच काढलं, एक भाषा दुसरीवर ओवाळून टाकली नाही.

आणि मुलगी म्हणून कचरत असशील तर तानुबाई बिर्जे हे नाव लक्षात ठेव. नवरा गेल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी दीनबंधू चालवला, कृष्णराव भालेकरांनी १८७७ ला काढलेला, कष्टकऱ्यांचा पेपर. त्यांच्यावर वर्गात एक अख्खा तास घ्यायला हवा, घेत नाहीत.

पगाराचं पण बोलतो कारण तू खरं विचारलंस. पत्रकारांसाठी मजिठिया वेतन आयोग २०११ ला अधिसूचित झाला, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, तरी माझ्या बरोबरच्या बहुतेकांना तो हातात पडला नाही, कारण त्याआधीच सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टवर घेतलं होतं आणि कागदावर सह्या घेतल्या होत्या. मी पण सही केली होती. मुलं लहान होती. तर सही करण्याआधी कागद घरी नेऊन वाचायचा, आजच द्या म्हणाले तरी.

पूर्वभाग:
काल रात्री हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. दुष्काळी दादांचं टँकरचं त्यांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. आजोळ काकूंचं वाचताना आई उठून आत गेली. साडेसात लाखाचा विषय संपला, बाबाच म्हणाले नको.

आता दोन डोक्यात आहेत, सोलापूर विद्यापीठ किंवा पुण्याची प्रवेश परीक्षा. शिकताना काय करायचं म्हणजे नुसती डिग्री राहणार नाही?

तासिका:
एक विषय धर आणि दोन वर्षं सोडू नको. तुझा धरलेलाच आहे. माहितीचा अधिकार वापरायला शीक, महाराष्ट्रात १० रुपये फी, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तुझ्या भागातल्या विडी कामगारांच्या दवाखान्यापासून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीच्या पाणी-रस्त्यापर्यंत विचारण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त कुठलं खातं राज्याचं आणि कुठलं केंद्राचं ते आधी बघ, नाहीतर अर्ज फिरत राहतो. कोर्स संपताना माझ्या विद्यार्थिनीच्या हातात मार्कशीटपेक्षा अशा दहा बातम्यांची फाईल असावी असं मी वर्गात सांगते.

विदर्भवासी:
आणखी एक. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? केंद्रीय श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म असतो. तू घेशील त्या कोर्सला किती मिळते ते कामगार कल्याणच्या ऑफिसात जाऊन विचार, पोर्टल दर वर्षी ठराविक मुदतीतच उघडं असतं.

पूर्वभाग:
कार्ड आहे! दहावीत एकदा मिळाली होती शिष्यवृत्ती, नंतर भरलाच नाही फॉर्म, कोणी सांगितलं नाही. उद्या जाते.

निळी_शाई:
आणि टायपिंग. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शीक, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मजकूर तसाच दिसतो. मोबाईलवर बोलून टाईप करण्यावर राहू नको, जोडाक्षरं खातं आणि तेलुगू आडनावं तर पार वेगळीच उमटतात. एका आडनावाची चूक झाली की तो माणूस पुन्हा तुझ्याशी बोलत नाही, माझं झालंय.

बूममाईक:
व्हिडिओ पण. फोन आडवा धरून, आईचे हात, पान कातरताना, दोरा बांधताना, तीस सेकंद न हलवता. मग चेहरा. कॅमेरामन काय काम करतो ते कळलं की त्याच्याशी भांडण होत नाही.

पूर्वभाग:
तीन आठवड्यांनी येतेय. निकाल लागला, फर्स्ट क्लास. पुण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, सोलापूरचा पण भरलाय. एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बाबा म्हणाले आधी आपण दोघं जाऊन जागा बघून येऊ, गेलो, रानडेच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. तिथल्या दोन मुलींशी बोलले, एक बीडची एक गडहिंग्लजची. बाबांनी त्यांना खोलीचं भाडं, मेस, रात्री किती वाजता परत येता सगळं विचारलं, मुलींनी न कंटाळता सांगितलं.

पान एक सर, तुम्ही टेस्ट घ्यायचात म्हणालात ना, मी एक इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, लिहिलाय नव्या लेखाचा, तपासाल का: "विडी उद्योग हा सोलापूर शहरातील एक अत्यंत महत्त्वाचा उद्योग असून या उद्योगामध्ये मोठ्या प्रमाणावर महिला वर्ग कार्यरत असल्याचे दिसून येते. परंतु या महिलांना विविध समस्यांना सामोरे जावे लागत आहे."

पान_एक:
दोन्ही वाक्यं काढ. हे सोलापुरात न राहणाऱ्या माणसालाही लिहिता आलं असतं. महिला वर्ग कार्यरत म्हणजे कोण? तुझी आई वर्ग नाहीये. दिसून येते म्हणजे कोणाला दिसलं, तू तर रोज बघतेस. विविध समस्या म्हणजे तुला एकही सांगायची नाहीये असा अर्थ होतो. आईने परवा काय केलं ते लिही, तारीख वार मोजदाद सकट, आणि पंधरा शब्दांच्या वर वाक्य जाऊ देऊ नको.

पूर्वभाग:
"आई दिवसाला आठशे विड्या वळते. मंगळवारी त्यातल्या साठ छाटात गेल्या. का गेल्या, ते तिला कोणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, कारण विचारलं की पुढच्या वेळी पान हलकं मिळतं."

पान_एक:
हा इंट्रो आहे. हात लावत नाही.

आता दोन कामं. ब्रँचवर, म्हणजे आई विड्या देते त्या कंपनीच्या केंद्रावर, जाऊन छाट करणाऱ्या माणसाशी बोल, साठ का काढल्या ते त्याला विचार, त्याचं म्हणणं लेखात आलं पाहिजे. आणि आईला तेलुगूत पूर्ण वाचून दाखव, तिचं नाव घालायचं की नाही ते ती सांगेल. पान हलकं मिळेल ते तिला मिळेल, तुला नाही.

पूर्वभाग:
हो सर. आज संध्याकाळी आई विड्या द्यायला जाते तेव्हा तिच्याबरोबर जाते.